चार डंक, एक ब्लोअर आणि चौथ्या डंकावरच्या मावशींचा खोकला

मार्च ते मे आमच्या कांडपात, म्हणजे डंकांवर (यंत्राच्या मुसळांवर) मिरची कुटून द्यायच्या गिरणीत, पाय ठेवायला जागा नसते. ह्या वर्षी पहिल्यांदा असं झालं की एक गिऱ्हाईक आत येऊन खुर्चीवर बसलं, तोंडाला रुमाल नाही, पदर नाही, आणि वर म्हणतंय चहा मागवा की वहिनी. ज्यांनी मिरची कांडप आतून बघितलंय त्यांनाच कळेल ही केवढी गोष्ट आहे ते. संकेश्वरी मिरची उखळात पडली की आमच्याकडं पोस्टमनसुद्धा लांबूनच हाक मारून पत्र टाकून जायचा.

तर हा रिव्ह्यू आहे आमच्या डक्टिंगच्या कामाचा, म्हणजे धूळ ओढायचा ब्लोअर आणि त्याच्या नळ्या. ज्यांनी हे काम नीट करून दिलं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री आहेत, आयुष्य शिरोलीच्या फाउंड्र्यांत ग्राइंडिंगची धूळ ओढायच्या लाईनी टाकण्यात गेलं. नाव-नंबर टाकू नका म्हणालेत, सीझनला फोन उचलत बसलो तर पत्रा कोण वाकवणार. म्हणून नाव नाही, पण काम काय केलं ते सगळं सांगते, कारण आमच्यासारखे कांडपवाले, पिठाच्या गिरणीवाले, सुतारकामवाले लई जण ह्याच खड्ड्यात पडलेत.

खड्डा असा. दोन वर्षांमागं आम्ही एकाकडून हे काम करून घेतलेलं. त्यांचंही नाव घेत नाही, मूळचे एसीचं काम करणारे. आमचे चार डंक एका ओळीत, भिंतीच्या कडेनं. त्यांनी काय केलं, वरून ६ इंची पीव्हीसी पाईप सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, प्रत्येक डंकावर काटकोनात टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून ४ इंची नळी खाली सोडली, टोकाला हूड, म्हणजे धूळ आत घ्यायचं पसरट तोंड, आणि पहिल्या डंकाच्या बाजूला ३ एचपीचा ब्लोअर आणि पिशवीचा फिल्टर. दिसायला एकदम झकास. चालू करून दाखवलं तेव्हा पहिल्या डंकाच्या हूडला पेपर धरला, तो असा चिकटला की ओढून काढावा लागला. आम्ही खूश, पेढे दिले, १,१०,००० चं बिल दिलं. चौथ्या डंकाला पेपर लावून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि त्यांनीही ती आठवण करून दिली नाही.

सीझन चालू झाला आणि चौथ्या डंकावरच्या मावशी खोकायला लागल्या. पहिल्या डंकावर पूड इतकी ओढली जायची की गिऱ्हाईक म्हणायचं माझी अर्धी चटणी पाईपात गेली, आणि चौथ्यावर मुसळ पडलं की लाल ढग वर येऊन थेट मावशींच्या तोंडावर. मावशी तशा गोड बाई, पण एक दिवस म्हणाल्या, वहिनी तुमचा पंखा माणसं बघून ओढतोय काय? फोन केला तर उत्तर आलं, मोटर लहान पडते, ५ एचपी टाका. कोटेशनसुद्धा संध्याकाळपर्यंत आलं. कोटेशन मात्र कधी उशिरा येत नाही बघा.

नशिबानं मोटर घ्यायच्या आधी दिराच्या ओळखीनं हे मिस्त्री आले. मला वाटलेलं आल्या आल्या ब्लोअर उघडतील. ब्लोअरकडं बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून गवंड्याची लेव्हल पाईप काढली, ती पारदर्शक नळी असते ना ती, वीत-दोन वीत लांबीची, इंग्रजी यू सारखी वाकवून एका फळीवर खिळ्यांनी मारलेली आणि शेजारी शाळेतली पट्टी चिकटवलेली. म्हणाले वहिनी जरा कुंकवाचं पाणी करून द्या, ओवाळायला करता तसं. मी म्हटलं चटणी टाकू काय, घरात तीच भरपूर आहे, तर म्हणाले ती तळाला बसते, कुंकूच द्या.

मग प्रत्येक हूडच्या वर नळीला एक बारीक भोक पाडलं, त्यात यू नळीचं एक टोक धरलं, ब्लोअर चालू. एका बाजूचं लाल पाणी वर चढलं, दुसऱ्या बाजूचं खाली गेलं. दोन्हीतला फरक पट्टीवर मोजायचा, बस्स. पहिल्या डंकाला ३६ मिलीमीटर. दुसऱ्याला १७. तिसऱ्याला ९. आणि चौथ्याला ४, तेही पाणी थरथरत होतं म्हणून चार म्हणायचं. मावशी मागं उभ्या होत्या, म्हणाल्या मी सांगत नव्हते? खडूनं भिंतीवर चारी आकडे लिहिले ते अजून तसेच आहेत, पुसू देत नाही मी.

आता ह्यातलं मला जे कळलं ते सांगते, चुकलं तर इंजिनियर लोकांनी सांभाळून घ्या. ही ओढ वेगाच्या वर्गानं वाढते. म्हणजे वारा दुप्पट वेगानं जायला लागला की पट्टीवर आकडा चौपट. उलट काढायचं तर वर्गमूळ. ३६ चं सहा, ४ चं दोन. म्हणजे पहिला डंक चौथ्याच्या नऊपट नाही तर तिप्पट वारा घेत होता. तिप्पट काय कमी झाली काय. मिस्त्रींचा तोंडी हिशोब आणखी सोपा आहे, नळीतल्या वाऱ्याचा नुसता वेगाचा दाब मिलीमीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, चारनं गुणा, झाला सेकंदाला मीटरमध्ये वेग. त्यासाठी त्यांच्याकडं एक वाकवलेली तांब्याची नळी आहे, तोंड वाऱ्याकडं करून धरतात. भाचा इंजिनियरिंगला आहे त्यानं सांगितलं की ही पिटो ट्यूब, हेन्री पिटो नावाच्या फ्रेंच माणसानं १७३२ मध्ये पॅरिसच्या सीन नदीचा वेग मोजायला काढलेली. मिस्त्रींना हे सांगितलं तर म्हणाले असंल, आमच्याकडं फाउंड्रीत हिला कोंबडी म्हणतात.

हूडवरचा आकडा मात्र वेगाच्या दाबापेक्षा जास्त येतो, आमच्या हूडला दीडपट धरा म्हणाले, कारण वारा हूडच्या तोंडातून आत घुसताना थोडा मार खातो. तो हिशोब लावला तर पहिल्या डंकाला सेकंदाला २० मीटर आणि चौथ्याला साडेसहा. कोरडी पूड नळीत तरंगत न्यायची तर १८ च्या आसपास वेग पाहिजे, नाहीतर ती वाटेत बसते. आणि बसलीच होती! चौथ्या डंकापासून तिसऱ्यापर्यंतच्या ६ इंची पाईपमध्ये एकट्या चौथ्याचा वारा, तिथं वेग तीन मीटरसुद्धा नाही. पाईप उघडला तर तळाला दीड इंच मिरची, दगडासारखी.

वारा असा का वाटला गेला, हे मला माहेरच्या पाटामुळं लगेच पटलं. माझं माहेर शिरोळकडचं. पाटाला पाणी सोडलं की पहिल्या रानाचा ऊस गुडघाभर पाण्यात आणि टेलचा, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी कुदळ घेऊन वर बघत बसलेला. पाणी काय कुणाचा सगा नाही, जिकडं अडचण कमी तिकडं जास्त जातं. वाऱ्याचंही तेच. ब्लोअर काही वाटणी करत नाही, ब्लोअर फक्त ओढतो. वाटणी नळ्या करतात. जिथं दोन वाटा एकत्र येतात त्या सांध्यावर ओढ एकच असते, आणि प्रत्येक वाटेनं तेवढाच वारा येतो जेवढ्यानं तिचा विरोध त्या ओढीएवढा होईल. एखाद्या वाटेची अडचण चौपट असेल तर तिथनं वारा निम्मा. आमच्या चौथ्या डंकाच्या वाऱ्याला पुढच्या तिघांच्या काटकोनातल्या टी पार कराव्या लागत होत्या, आणि प्रत्येक टी वर आडवा वारा येऊन सरळ वाऱ्याला धडक देतो, रंकाळ्याकडनं येणाऱ्या रस्त्यात गल्लीतनं आडवी रिक्षा घुसल्यासारखी. वर पाईप शेवटपर्यंत ६ इंचीच, त्यामुळं ब्लोअरजवळ चौघांचा वारा एकत्र झाला की वेग वीसच्या वर आणि तिथंच सगळी ओढ खर्च.

मग मी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला, ५ एचपी टाकली असती तर? हे उत्तर मात्र नीट वाचा, कारण इथंच पैसे जातात. मोटर मोठी करून ब्लोअरचा स्पीड वाढवला तर चारी डंकांचा वारा सारख्याच पटीनं वाढतो. पहिल्याचा पण वाढतो, चौथ्याचा पण. तिप्पट ती तिप्पटच राहते. आणि स्पीड दुप्पट केला तर वारा दुप्पट, ओढ चौपट, पण मोटरवर लोड आठपट. म्हणजे चौथ्या डंकाला दुप्पट वारा नुसत्या मोटरनं द्यायचा तर ३ ची २४ एचपी! ५ एचपीनं स्पीड फार तर १८-१९ टक्के वाढला असता, साडेसहाचे पावणेआठ मीटर झाले असते, मावशी खोकतच राहिल्या असत्या आणि पहिल्या डंकावर गिऱ्हाईकाची मिरची अख्खी पाईपात गेली असती. तिज्यायला, आणि मी चेक लिहायला बसलेले.

काम त्यांनी असं केलं. पीव्हीसी सगळं काढलं, जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्याचे पाईप घातले. पीव्हीसीला कोरडी पूड घासून करंट बसायचा हे आम्हाला माहीत होतं, हात लावला की चटका, आम्ही त्याला हसायचो. ते हसले नाहीत. बारीक कोरड्या पुडीत ठिणगी नको म्हणाले, आणि पाईपाच्या प्रत्येक जोडावर तांब्याची वायर ओढून अर्थिंग केलं. मेन पाईप सगळीकडं सारखा नाही, चौथ्या डंकाकडं ४ इंच, तिसरा मिळाल्यावर साडेपाच, दुसरा मिळाल्यावर ७, पहिला मिळाल्यावर ८. हिशोब विचारला तर खडूनं फरशीवर करून दाखवला, चार चोक सोळा, असे चार, चौसष्ट, आणि आठ आठे पण चौसष्ट. म्हणजे ४ इंची चार नळ्यांचं तोंड बरोबर ८ इंची एका नळीएवढं, त्यामुळं वेग कुठंच पडत नाही आणि कुठंच उगाच वाढत नाही. टी च्या जागी तिरके वाय, वारा ज्या दिशेला जायचा त्याच दिशेला झुकवलेले. बेंड मोठ्या गोलाईचे.

मी शहाणपणा करून म्हटलं, मग सगळीकडं १२ इंची का नको, अडचणच राहणार नाही, चौघांना सारखं मिळेल. म्हणाले वहिनी बरोबर बोललात, नुसता स्वच्छ वारा असता तर तसंच केलं असतं, मोठी पेटी आणि त्याला नळ्या. पण तुमच्या मिरचीला पळवत न्यायला पाहिजे, १२ इंचीत ती पाय पसरून बसंल. मला वाटतं एसीवाल्यांची गफलत इथंच होते. थंड हवेला वाटेत तळाला बसायचं नसतं, मिरचीला बसायचं असतं.

ह्यानंतरचा दीड तास मी समोर स्टूल घेऊन बसून बघितला. नवीन लाईनवर पहिलं माप आलं ३३, २७, २३, १९. ४ चे १९, माझ्या दृष्टीनं काम झालेलं, पण त्यांचं समाधान नाही. प्रत्येक ब्रँचला त्यांनी सरकता डँपर दिलेला, पत्र्याची पट्टी, आत-बाहेर होणारी. पहिल्याचा डँपर जरासा आत सारला. पहिला उतरला, पण गंमत म्हणजे हात न लावता बाकीचे तिघे चढले, चौथा १९ चा २१ झाला. मग दुसऱ्याला हात लावला तर पहिला परत वर. एकाला हलवलं की चौघांचे आकडे हलतात, घरात चार जावा असल्यासारखं. असं तीन वेळा पहिल्यापासून चौथ्यापर्यंत फेऱ्या मारल्या आणि शेवटी २६, २५, २५, २४ वर आणून सोडलं. मग म्हणाले आता तुमची मोटर वापरू, ब्लोअरची पुली बदलून स्पीड ८ टक्के वाढवला. आकडे झाले ३०, २९, २९, २८. बघा, चौघेही एकदम वर गेले, वाटणी तीच राहिली. मला तर प्रयोगशाळेत बसल्यासारखं वाटलं. मेन लाईनमध्ये कोंबडी घालून बघितलं तर २० ला जरा कमी, म्हणजे वेग १८ ला जरा कमी.

डँपर मग तिथंच भोक पाडून रिव्हेट मारून पक्के केले. का, तर उद्या पहिल्या डंकावरची बाई म्हणणार मला जास्त ओढ पाहिजे, ती पट्टी काढणार, आणि परत चौथ्यावर खोकला. बरोबर ओळखलं माणसांना. रिव्हेट मारल्यावर दुसऱ्याच दिवशी एकीनं पक्कड मागितलेली.

एक गोष्ट उलटी वाटेल. नळ्यांची अडचण कमी केली म्हणजे मोटरला आराम मिळेल असं मला वाटलेलं. त्यांनी टाँग टेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, लावून दाखवला, मोटर आधी ३.४ अँपिअर घेत होती, नवीन लाईनवर ३.८, पुली बदलल्यावर ४.३. वारा जास्त जायला लागला की असला ब्लोअर करंट जास्त घेतो. मोटरच्या प्लेटवर ४.७ पर्यंत चालेल असं आहे म्हणून चाललं, पण बजावून सांगितलं की पाईप काढून मोकळा ब्लोअर चालवायचा नाही, मोटर जळेल. हे आमच्या पहिल्यांनी कधी सांगितलं नव्हतं, उलट साफसफाईला तेच करा म्हणालेले.

आणखी दोन कामं त्यांनी न सांगता केली. धणे, तीळ, खोबरं तेलावर भाजायची शेगडी आम्ही त्याच लाईनला जोडायला निघालेलो, पाचवी ब्रँच म्हणून. साफ नाही म्हणाले. तेलाची वाफ आणि मिरचीची पूड एका पाईपात गेली की आत लगदा होतो आणि पाईप बुजतो, शिवाय विस्तवाची ठिणगी आत ओढली गेली तर फिल्टरची पिशवी पेटेल. शेगडीला भिंतीतनं सरळ बाहेर वेगळा एक्झॉस्ट. दुसरं, शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळं आम्ही खिडक्या-शटर सगळं बंद करून काम करायचो. म्हणाले ब्लोअर बाहेर टाकतो तेवढा वारा आत यायला नको का? मागच्या भिंतीत वर जाळी काढली, आणि खरंच, दार आपोआप धाडकन लागायचं ते थांबलं आणि हूडवरचे आकडे पण दोनदोननं चढले.

आता रोज सकाळी मीच कुंकवाच्या नळीनं माप घेते, ती फळी त्यांनी आम्हालाच ठेवून दिली. नियम सोपा, एकाच डंकाचा आकडा पडला तर त्याच्या नळीत काहीतरी अडकलंय, एकदा चक्क गिऱ्हाईकाच्या हातरुमालानं मुक्काम केलेला. चौघांचे एकदम पडले तर पिशवी भरलीय नाहीतर बेल्ट सैल झालाय. पिशवीतली पूड विकता का म्हणून विचारणारे भेटतात, नाही विकत, फेकतो.

तक्रारी पण सांगते, नाहीतर म्हणाल पैसे देऊन लिहून घेतलं. फेब्रुवारीच्या पंधरा तारखेचं कबूल केलेलं, आले मार्चच्या तीनला, तोवर माझ्या दारात मिरचीच्या पोत्यांची रांग. पत्र्याचे तुकडे आणि रिव्हेटचे बोचे चार दिवस पायात टोचत होते. बिल ६२,००० झालं, पहिल्या कामाबरोबर जोडलं तर डोकं फिरतं, पण ब्लोअर आणि मोटर जुनीच वापरली हे मानायला पाहिजे, नवीन घ्या असं एकदाही म्हणाले नाहीत. आवाज मात्र वाढलाय, पहिल्या डंकाजवळ फोनवर बोलता येत नाही. पाच पैकी साडेचार देते, अर्धा उशिराचा कापला.

मावशींचं म्हणाल तर खोकला गेलाय, आता त्यांची नवीन तक्रार आहे की हूडजवळ गार वारं लागतं आणि मान धरते. पिशवी झटकायचा दांडा तेवढा अजून यायचाय, सोमवारी आणून देतो म्हणाले होते, कुठल्या सोमवारी ते विचारायचं राहिलं.